वजनाची शस्त्रक्रिया: निर्णय आज, विचार पाचव्या वर्षाचा

भिवंडीजवळच्या वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात ट्रकचं वजन दोनदा होतं. एकदा रिकाम्या गाडीचं, एकदा भरलेल्या गाडीचं. दोन आकड्यांची वजाबाकी केली की माल कळतो, पावती फाटते आणि विषय संपतो. माणसाच्या वजनाचा हिशेब मात्र असा एका पावतीत संपत नाही.

एका पिढीपूर्वी इथल्या घरांत पावसाळा भातलावणीत जायचा आणि दिवाळीच्या आसपास कापणी-झोडणी चालायची. शेतं गोदामांखाली गेली आणि अंगमेहनत पुष्कळ घरांतून गेली. ताटातला भात तेवढाच राहिला. गोदामात हिशेब लिहिणाऱ्या ताईची सगळी पाळी खुर्चीत जाते. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक पहाटे चार वाजता वडापाव खातो, कारण त्या वेळी तेवढंच मिळतं. मग चाळिशीच्या आत शुगर, बीपी, गुडघेदुखी, रात्रीचं जोरजोरात घोरणं असं एकेक येत जातं. हे फक्त इथलंच चित्र नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३५.१ कोटी लोकांच्या पोटावर धोकादायक चरबी आहे.

अशात कोणीतरी सुचवतं, "ऑपरेशन करून टाका, अमक्याचं चाळीस किलो उतरलं." मोबाइलवर आधीचे आणि नंतरचे फोटो येतात. ते फोटो बहुतेक पहिल्या वर्षातले असतात. वजन सर्वांत वेगाने उतरतं ते याच वर्षात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. म्हणून या लेखात प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारला आहे: पाचव्या वर्षी काय?

आधी स्वतःचा काटा समजून घ्या

डॉक्टर वजनाबरोबर बीएमआय पाहतात. किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उंची १.६० मीटर, म्हणजे साधारण सव्वापाच फूट, आणि वजन ९० किलो असेल तर बीएमआय ३५ च्या थोडा वर येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. युरोप-अमेरिकेत लठ्ठपणाची रेषा ३० वर आहे. आपली रेषा खाली का, याचं उत्तर पुण्यात सापडतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतला माल मात्र वेगळा. भारतीय शरीरात कमी वजनातही चरबी जास्त असते आणि ती पोटात, यकृताभोवती साठते. म्हणून घरी शिवणकामाची टेप असेल तर कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्यायची वेळ झाली आहे.

विचार कोणी करायचा आणि कोणी नाही

१९९१ पासून जगभर शस्त्रक्रियेसाठी एक नियम चालत आला: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर आजार असो-नसो शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखे चयापचयाचे आजार असतील तर विचार करता येतो. आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली आहे.

पण नियमात बसणं म्हणजे गरज असणं नव्हे. वजनामुळे आजार झाले आहेत, आहार, व्यायाम आणि औषधांचे प्रामाणिक प्रयत्न पुरेसा काळ करून झाले आहेत, आणि पुढे आयुष्यभर तपासण्या करायची तयारी आहे, अशा माणसाने हा विचार जरूर करावा. तीन औषधं घेऊनही शुगर हाताबाहेर असलेली माणसं आहेत. झोपेत श्वास अडकून रात्री दचकून उठणारी आहेत. गुडघ्यांमुळे घराचा जिना चढू न शकणारी आहेत. त्यांना "तोंड आवर" म्हणणं हा अन्याय आहे. लठ्ठपणा हा आजार आहे. वजन उतरू लागलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी खर्च करतं. या ओढीपुढे निव्वळ निश्चय अनेकदा हरतो, आणि त्यात आळसाचा दोष नसतो. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्याच्या बातम्या महाराष्ट्रभर छापून आल्या. गुडघा बदलून घ्यायला आपण लाजत नाही, मग इथे लाजण्याचं कारण नाही.

उलट, काहींनी या वाटेला आज जाऊ नये. लग्न सहा महिन्यांवर आहे, बीएमआय २७, आजार कोणताही नाही, आणि घरचे मुलीला शस्त्रक्रियेसाठी आग्रह करत आहेत. अशा घराला माझं कळकळीचं सांगणं आहे: थांबा. साखरपुड्याच्या फोटोसाठी निरोगी जठर कापायचं नसतं. गरोदर स्त्री, दारू किंवा इतर नशेत अडकलेला माणूस, उपचार न झालेलं तीव्र नैराश्य असलेली व्यक्ती, यांनीही आधी तो प्रश्न सोडवावा. थायरॉइड किंवा इतर ग्रंथींच्या बिघाडामुळे वजन वाढलं असेल तर प्रथम त्यावर उपचार हवेत.

एक गैरसमज इथेच दूर करू. लायपोसक्शन ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नाही. त्यात त्वचेखालची चरबी शोषून काढतात आणि शरीराचा आकार बदलतात. भूक, शुगर आणि पोटाच्या आतली चरबी जशीच्या तशी राहते.

शस्त्रक्रियांचे प्रकार

आज या शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होतात. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडतात आणि गुंतागुंत झाली नाही तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

*स्लीव्ह.* सध्या सर्वांत जास्त होणारी. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. थोड्या जेवणात पोट भरतं. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. आतड्यांना हात लागत नसल्याने जीवनसत्त्वांची कमतरता बायपासपेक्षा कमी असते. पण ही शस्त्रक्रिया उलटवता येत नाही, आणि छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं वाढू शकतं. ज्यांना आधीच तीव्र ॲसिडिटी आहे त्यांनी हे डॉक्टरांना ठळकपणे सांगावं.

*गॅस्ट्रिक बायपास.* जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे जेमतेम अर्ध्या कटिंग चहाइतकी पिशवी करतात आणि तिला थेट लहान आतडं जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेल्या बायपासचं हे सुधारलेलं रूप आहे, त्यामुळे तिचे दूरचे परिणाम चांगले माहीत आहेत. मधुमेह आणि ॲसिडिटी दोन्ही असतील तर अनेक सर्जन हिला पसंती देतात. मात्र लोह, बी-१२, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे जोडाच्या जागी व्रण होतो.

*मिनी बायपास.* रॉबर्ट रुटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला प्रकार. बायपासमधल्या दोनऐवजी एकच जोड असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो. वजन आणि शुगर चांगली उतरते. पण आतड्याचा जास्त भाग वगळला तर प्रथिनांची कमतरता होऊ शकते आणि पित्त वर येण्याचा त्रासही संभवतो. दूध, डाळी, अंडी, मासे यांपैकी फारसं काही न खाणाऱ्यांनी हा मुद्दा सर्जनशी नीट बोलून घ्यावा.

*बलून आणि पट्टा.* बलून दुर्बिणीने जठरात सोडून फुगवतात. बहुतेक प्रकार सुमारे सहा महिन्यांनी काढावे लागतात, आणि काढल्यावर सवयी बदललेल्या नसतील तर वजन परततं. पाचव्या वर्षाच्या प्रश्नावर बलूनकडे उत्तर नाही. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी जोरात होती. अनेकांचे पट्टे पुढे काढावे लागले, म्हणून ती आता मागे पडली आहे.

"सर्वांत चांगली कोणती?" याचं एक उत्तर नाही. तुमची शुगर, ॲसिडिटी, वजन, खाण्याच्या सवयी आणि तपासणीसाठी येण्याची तयारी यांवर ते ठरतं. प्रत्येक रुग्णाला एकच शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

फायदा किती, खरा आकडा

पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं. शंभर किलोचा माणूस सत्तर-पंचाहत्तरपर्यंत येतो. नंतर थोडं वजन परत येणं हे स्वाभाविक आहे.

फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास झालेल्या रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. जादा वजनापैकी स्लीव्हने ४३.५ टक्के आणि बायपासने ५०.७ टक्के वजन दहा वर्षांनंतरही उतरलेलं होतं. १.६० मीटर उंचीच्या, ११० किलो वजनाच्या व्यक्तीचं जादा वजन साधारण ४६ किलो धरलं, तर हा फायदा सुमारे २० आणि २३ किलोंचा होतो. जाहिरातीतल्या चाळीस किलोंपेक्षा हे कमी आहे. पण दहा वर्षं टिकलेले वीस किलो गुडघ्यांसाठी आणि हृदयासाठी फार मोलाचे असतात. त्याच अभ्यासात अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या ३१ टक्के आणि बायपासच्या ७ टक्के रुग्णांत आढळला. ॲसिडिटीबद्दल वर इतकं बजावून सांगितलं ते यामुळेच.

मधुमेहाचं पाहू. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या १५० रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के होते, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के. शस्त्रक्रिया औषधांच्या कितीतरी पुढे आहे हे खरं, आणि पाचव्या वर्षी बहुतेकांची साखर त्या रेषेखाली नव्हती हेही तितकंच खरं. मधुमेह नवा असेल आणि इन्सुलिन सुरू झालं नसेल तर यशाची शक्यता जास्त असते. म्हणून "मधुमेह कायमचा बरा करून देतो" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा.

आयुर्मानाचंही उत्तर आहे. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले लठ्ठ रुग्ण न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. तरीही सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत त्यांचं आयुष्य साडेपाच वर्षं कमीच होतं. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनेही आजाराची सगळी किंमत परत मिळत नाही. घरातल्या मुलांचं वजन आजच सांभाळायला यापेक्षा मोठं कारण नको.

धोके, न लपवता

अनुभवी केंद्रांत पहिल्या तीस दिवसांत मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक ते तीन इतकं असतं. वय, हृदयविकार आणि फार जास्त वजन यांनी ते वाढतं. सुरुवातीचे मोठे धोके तीन: टाक्यांच्या ओळीतून गळती, रक्तस्राव, आणि पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं. गळती शंभरात साधारण एकाला होते, पण वेळेत ओळखली नाही तर जिवावर बेतते.

म्हणून घरी आल्यावर पहिला महिना ही लक्षणं पाठ असू द्या: सतत धडधड आणि नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, धाप, पोटरीला सूज, काळ्या रंगाचं शौच, पाणीही न टिकणं. यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. वळहून ठाण्याला किंवा मुंबईला जायचं तर काल्हेर-कशेळीचा रस्ता किंवा मानकोलीचा नाका कोणत्या वेळी किती तास खातो हे तुम्हाला ठाऊक आहे. शस्त्रक्रियेआधीच ठरवून ठेवा: रात्री दोन वाजता गाडी कोणाची, कोणत्या रुग्णालयात जायचं, कोणाला फोन लावायचा.

पुढचे धोके हळूहळू येतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी डॉक्टर काही महिने गोळ्या देऊ शकतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि प्रथिनं व लोह नीट असेल तर बहुधा परत येतात. त्वचा लोंबते. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. सतत उलट्या होत असतील तर बी-१ म्हणजे थायमिन संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला थायमिन न देता थेट ग्लुकोजची बाटली लावणं घातक ठरतं. तुमच्या शस्त्रक्रियेची माहिती नसलेल्या दवाखान्यात हे सहज घडू शकतं. पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवा: शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, सर्जनचा फोन, "उलट्या असल्यास ग्लुकोजआधी थायमिन द्यावे" आणि "डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये". मेडिकलमधून स्वतःहून वेदनाशामक घेण्याची सवय बायपासनंतर मोडावीच लागते.

मनाचे धोकेही आहेत. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. हळदीच्या रात्री आग्रह करणाऱ्या मित्रांना हे आधीच सांगून ठेवा. जेवण हाच ज्यांचा दुःखावरचा आधार होता त्यांचा तो आधार एका दिवसात जातो, आणि काहींना नैराश्य येतं. घरच्यांनी वजनाबरोबर त्यांची झोप, बोलणं, एकटं बसणं यांकडेही लक्ष ठेवावं.

स्त्रियांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते. पण पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, कारण त्या काळात शरीराला स्वतःलाच पुरेसं पोषण मिळत नसतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही, म्हणून दुसरं साधन स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आधीच ठरवून घ्या.

इंजेक्शनं की शस्त्रक्रिया?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आल्यापासून हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. मोठ्या चाचण्यांत वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडने सुमारे १५ टक्के आणि मौंजारोतल्या टिर्झेपटाइडने जास्तीत जास्त मात्रेत २० टक्क्यांहून थोडं अधिक वजन उतरलं. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे पाचव्या वर्षी फायदा हवा तर पाच वर्षं इंजेक्शन चालू ठेवण्याची आर्थिक तयारी हवी. कमी बीएमआय असलेल्यांसाठी, भूल देण्यात धोका असलेल्यांसाठी, किंवा शस्त्रक्रियेआधी वजन थोडं उतरवण्यासाठी ही औषधं चांगली आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. ओळखीच्या माणसाकडून पेन मागवून सुरू करू नका.

शस्त्रक्रियेआधीची तयारी

रक्त, थायरॉइड, एचबीए१सी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाची तपासणी आणि घोरणाऱ्यांची झोपेची तपासणी व्हायला हवी. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी बोलणं हा उपचाराचाच भाग आहे, ते टाळू नका. मिश्री, गुटखा, बिडी, सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. यकृत लहान व्हावं म्हणून डॉक्टर दोनेक आठवड्यांचा अगदी हलका आहार देतात. तो पाळला तर सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं होतं.

शुगर आणि बीपीच्या गोळ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच कमी कराव्या लागतात. त्या डॉक्टरांनीच कमी करायच्या. जुन्या मात्रेने शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि मनानेच बंद केल्या तरी नुकसान होतं.

नंतरचं ताट

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ: मुगाचं कढण, ताक, गाळलेलं सूप. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं अन्न, नंतर मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, पण छोट्या वाटीत. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी नाही. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून दिवसभर घोटाघोटाने प्यायचं.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणून ताटात आधी त्यांचाच मान. आगरी-कोळी घरात हे अवघड नाही. वाफवलेले किंवा कमी तेलात केलेले मासे, कोलंबी, अंडी, डाळी, पनीर, दही हे सगळं चालतं. सुकट आणि सुके बोंबील प्रथिनांचे असले तरी खारट असतात, बीपी असेल तर बेताने. तांदळाची भाकरी आणि मोकळा भात सुरुवातीला अडकल्यासारखा वाटतो, तो शेवटी आणि थोडा. सरबत, कोल्ड्रिंक, मिल्कशेक, मिठाई सहज आत जातात आणि पाचव्या वर्षी वजन परत आणणारे बहुतेक हेच असतात.

उपवासाचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि निर्जळी उपवासात पाणी कमी पडतं. भिवंडीत रोजे ठेवणारेही अनेक आहेत. पहिलं वर्ष-दीड वर्ष उपवास आणि रोजे टाळावेत, पुढेही सर्जन आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच ठेवावेत.

चालणं पहिल्याच दिवसापासून. माथाडी किंवा लोडिंगचं काम करणाऱ्याने साधारण सहा आठवडे जड ओझं उचलू नये. पाळी, रजा आणि हलकं काम याबद्दल मुकादमाशी किंवा कंपनीशी आधीच बोलून घ्यावं.

पैसे आणि विमा

खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. त्यात पुढची गोळ्या-तपासण्यांची आयुष्यभराची रक्कम धरलेली नसते, ती वेगळी मांडा. विमा नियामकाच्या नियमानुसार रुग्ण १८ वर्षांवरचा हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० किंवा अधिक हवा. बीएमआय ३५ किंवा अधिक असेल तर हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात न येणारा मधुमेह असे गंभीर आजार आणि आधीचे उपचार अयशस्वी ठरल्याचा पुरावा लागतो. १.६० मीटर उंचीला ४० म्हणजे सुमारे १०२ किलो. म्हणजे वैद्यकीय नियमात बसणारा रुग्ण विम्याच्या नियमात बसेलच असं नाही. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी वाचा, आहार आणि औषधोपचाराच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा, आणि मंजुरी लेखी घ्या.

खासगी खर्च झेपत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मुंबईचं जे.जे., केईएम, सायन, नायर यांच्या शस्त्रक्रिया विभागात विचारणा करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी लेखी समजून घ्या. कर्ज काढण्याच्या किंवा जमीन विकण्याच्या आधी ही दारं वाजवलीच पाहिजेत.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. माझ्यासाठी हीच शस्त्रक्रिया का, दुसरी का नाही?
२. तुम्ही वर्षाला अशा किती करता? त्यांत गळती किती जणांना झाली?
३. तुमच्या रुग्णांचं पाचव्या वर्षीचं वजन किती असतं? त्यांतले किती जण अजून तपासणीला येतात?
४. रुग्णालयात आयसीयू आणि रात्री सर्जन असतो का?
५. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या चमूत आहेत का?
६. पॅकेजमध्ये काय नाही? गुंतागुंत झाली तर खर्च कोणाचा?
७. संमतिपत्र मराठीत मिळेल का? घरी नेऊन वाचता येईल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. "आजच नाव नोंदवा, सवलत आहे" असं उत्तर मिळालं तर उठून या. ही शस्त्रक्रिया क्वचितच तातडीची असते. विचाराला महिना-दोन महिने घेतल्याने सहसा काही बिघडत नाही.

त्या दिवसांत घरी एक कागद करा. वर पाच वर्षांनंतरची तारीख घाला. खाली लिहा: वर्षातून एकदा रक्ततपासणीला माझ्यासोबत कोण येईल, गोळ्यांचे पैसे दर महिन्याला कुठून येतील, माझ्या ताटातली प्रथिनं कोण शिजवेल, हळदीत आणि गावजेवणात मी काय खाईन, मन खचलं तर मी पहिला फोन कोणाला करीन. प्रत्येक ओळीसमोर एक नाव किंवा एक आकडा लिहिता आला तर तो कागद घेऊन निर्धास्तपणे सर्जनकडे जा. एखादी ओळ कोरी राहिली तर आधी घरच्यांसोबत बसून ती भरा, संमतिपत्रावर सही त्यानंतर.